जुना व्हीजीए मॉनिटर दुसरी स्क्रीन म्हणून लावायचाय, 'नो सिग्नल' येतंय

रामबागची_मावशी

नमस्कार मंडळी. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर इंदूरलाच राहिला, तो आता माझ्या ताब्यात आलाय. मी घरूनच सियागंजातल्या काही व्यापाऱ्यांचे हिशोब आणि जीएसटीचं काम करते. दर महिन्याच्या १४ तारखेला ते २बी, म्हणजे खरेदीच्या बिलांचं जीएसटी स्टेटमेंट, आलं की रिटर्नच्या २० तारखेपर्यंत एकच उद्योग, टॅली उघडायचं, मग एक्सेल, मग बँकेचं स्टेटमेंट, परत अल्ट टॅब, परत टॅली, आणि तेवढा वेळ आकडा डोक्यात धरून ठेवायचा, मधेच कोणी बेल वाजवली की आकडा गेला आणि परत पहिल्यापासून. म्हणून दोन स्क्रीन पाहिजेत.

माळ्यावर आमचा जुना १९ इंची मॉनिटर आहे, तो चौकोनी यायचा ना तसला, मागे फक्त निळी व्हीजीए वायर लागते. चांगला चालू आहे, यांच्या जुन्या लॅपटॉपला लावून बघितला, चित्र येतं. आत्ताचा मॉनिटर २२ इंची आहे, तो एचडीएमआयने लावलाय, कॅबिनेटच्या मागे खाली जी आडवी पट्टी आहे तिथे. आणि वर जिथे कीबोर्ड माउसच्या वायरी जातात तिथे निळा व्हीजीए पोर्ट पण दिसला, त्याच्यावर काळं टोपण होतं ते काढून वायर लावली, दोन्ही स्क्रू पिळले. मॉनिटरवर 'नो सिग्नल' अशी पाटी फिरते आणि मग काळा. सेटिंगमध्ये जाऊन डिटेक्ट दाबलं तर म्हणतो दुसरा डिस्प्ले सापडला नाही.

मुलाला फोन केला तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडतात त्या आतल्या सेटिंगमध्ये, जाऊन इंटर्नल ग्राफिक्स चालू कर म्हणाला आणि मीटिंग आहे म्हणून ठेवला. बायोसमध्ये हात घालू का? विंडोज ११ आहे. काही बिघडलं तर माझी २० तारीख जाईल.

जेलरोडचा_भिया

मावशी आधी सोप्पं करून बघा, विंडोजचं बटण धरून पी दाबा, उजवीकडे यादी येते त्यात एक्स्टेंड करा. कधीकधी ते पीसी स्क्रीन ओन्लीवर अडकलेलं असतं. आणि मॉनिटरच्या मेन्यूत इनपुट व्हीजीएच आहे ना ते पण बघा. नाहीच झालं तर बायोसला घाबरायचं काही कारण नाही, चालू करताना डिलीट दाबत राहायचं, मुलगा म्हणतोय ते बरोबर आहे, ग्राफिक्स कार्ड लावलं की बरेच मदरबोर्ड प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, ते चालू केलं की वरचा पोर्ट सुरू होतो. मी स्वतः करून दिलंय लोकांना.

लष्करवाला

थांबा हो, बायोसमध्ये जायच्या आधी एक गोष्ट सांगा. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की वर उजवीकडे प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं. ते जसंच्या तसं इथे लिहा, शेवटचं अक्षर सोडू नका. आणि खाली जीपीयू, म्हणजे चित्र काढणारी चिप, अशा किती दिसतात, एक की दोन, आणि नाव काय.

त्या टोपणावरूनच मला शंका येतेय. जोडणारा माणूस शहाणा असेल तर जो पोर्ट चालणार नाही त्याच्यावर टोपण लावून देतो.

रामबागची_मावशी

भिया, विंडोज पी केलं, एक्स्टेंडच होतं, फरक नाही.

लष्करवाले, असं लिहिलंय: इंटेल कोअर आय५ १०४००एफ. जीपीयू एकच दिसतो, एनव्हीडिया जीटीएक्स १६५०.

लष्करवाला

मग बायोसचा नाद सोडा. शेवटी जो एफ आहे ना, तोच सगळा मामला आहे. इंटेलचे एफवाले प्रोसेसर थोडे स्वस्त मिळतात कारण त्यांच्यात ग्राफिक्सचा भाग वापरताच येत नाही, चित्र काढायचं काम पूर्णपणे वेगळ्या कार्डाकडे. मदरबोर्ड बनवणारा मात्र व्हीजीए, एचडीएमआय सगळे पोर्ट लावूनच देतो, कारण तोच बोर्ड कोणी साध्या १०४०० बरोबर पण घेणार असतो. तुमच्याकडे नळ बसवलाय पण मागे पाइपच नाही. बायोसमध्ये काहीही चालू बंद करा, तो व्हीजीए पोर्ट चालणार नाही. टोपण परत लावून टाका, धूळ जाणार नाही.

भियाचं म्हणणं एरवी बरोबरच आहे, एफ नसता तर पहिलं तेच सांगितलं असतं. एएमडीत हाच घोळ उलट्या बाजूने आहे, रायझन ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही आणि ५६००जी मध्ये आहे. म्हणून ज्याला ज्याला मदरबोर्डच्या पोर्टवर मॉनिटर लावायचाय त्याने वायर विकत घेण्याआधी प्रोसेसरचं नाव वाचावं.

आता खालच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे कार्डावर, एचडीएमआय सोडून अजून काय काय आहे? १६५० वेगवेगळ्या कंपन्यांची येतात आणि प्रत्येकाचे पोर्ट सारखे नसतात, त्यामुळे बघूनच सांगा.

रामबागची_मावशी

टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले होते. तीन आहेत. एक एचडीएमआय, त्यात वायर आहे. दुसरा एचडीएमआयसारखाच पण त्याचा एकच कोपरा कापलेला आहे. तिसरा लांब पांढरा, पुष्कळ भोकांचा.

आणि गंमत म्हणजे खणात एक छोटा कनेक्टर सापडला, एका बाजूला निळा व्हीजीए आणि दुसऱ्या बाजूला तसाच लांब पांढरा. म्हटलं झालं काम! पण तो त्या पांढऱ्या पोर्टात बसतच नाहीये, अगदी थोडक्यासाठी अडतो. जोर लावू का?

लष्करवाला

नाही नाही नाही. जोर अजिबात लावू नका, पिना वाकतील.

तो लांब पांढरा म्हणजे डीव्हीआय. आता तुमच्या हातातला कनेक्टर उजेडात धरा, एका टोकाला एक चपटी आडवी पट्टी दिसेल आणि तिच्या वर खाली मिळून चार बारीक पिना. त्या चार पिनांतूनच व्हीजीएचं सिग्नल जातं. आता कार्डाच्या पोर्टात बघा, चपटी खाच असेल पण तिच्याभोवती ती चार भोकं नसतील. तुमचा पोर्ट डीव्हीआय डी आहे, फक्त डिजिटल. जुन्या कार्डांवर डीव्हीआय आय असायचा त्यात दोन्ही यायचं, हा कनेक्टर त्या काळातला. कोणी त्या चार पिना पकडीने तोडून बसवायला सांगेल, बसेल पण, पण चित्र येणार नाही कारण व्हीजीएचं सिग्नल त्या पोर्टात मुळात नाहीच.

कोपरा कापलेला तो डिस्प्लेपोर्ट. तो तुमच्या कामाचा. 'डिस्प्लेपोर्ट टू व्हीजीए' असा अॅडॉप्टर घ्या, हजाराच्या आत मिळून जाईल, आत छोटी चिप असते ती डिजिटलचं व्हीजीए करते. दुकानात दिशा नीट सांगा, कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे व्हीजीए. उलट दिशेचा पण मिळतो आणि तो तुम्हाला काही उपयोगाचा नाही.

जेलरोडचा_भिया

एफ लिहिलंय म्हटल्यावर मी माघार घेतो 😄

मावशी, अॅडॉप्टरसाठी सिल्व्हर मॉलला चक्कर मारा, आरएनटी मार्गावर, कॉम्प्युटरवाल्यांची रांगच आहे तिथे. जाताना पोर्टांचा मोबाइलवर फोटो काढून न्या, फोटो दाखवला की दुकानदाराला बोलायला जागा राहत नाही. आणि परत काढताना, डिस्प्लेपोर्टच्या पिनेवर वर एक छोटं बटण असू शकतं, ते दाबून मग ओढायचं. लोक नुसतंच खेचतात आणि कार्ड हलतं.

बडोदेकर_अन्या

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉनिटरसाठी एवढी मारामारी कशाला, नवीन २४ इंची घ्या, थेट डिस्प्लेपोर्टला लावा, विषय संपला. जुन्या मॉनिटरच्या मागची ट्यूब म्हातारी झालेली असते, पांढरा रंग पिवळट दिसतो, आणि शेजारी नवीन स्क्रीन असली की तो पिवळेपणा जास्तच डोळ्यात येतो.

आणि आत्ताच पैसे घालायचे नसतील तर घरात टीव्ही असेलच ना, त्याला एचडीएमआय असतंच. मी सुरुवातीला इथे बडोद्यात तसंच केलं होतं. फक्त टीव्ही कडेचं थोडं चित्र कापतो, टास्कबार अर्धा गायब होतो, ते बंद करायचं सेटिंग टीव्हीच्या पिक्चर मेन्यूत असतं, एलजीमध्ये जस्ट स्कॅन म्हणतात. आणि अक्षरांच्या कडेला रंग फुटल्यासारखा दिसला, विशेषतः लाल अक्षरं, तर टीव्हीला तो इनपुट पीसी आहे असं सांगावं लागतं, सॅमसंगमध्ये सोर्सचं नाव बदलून पीसी ठेवायचं. मग अक्षर स्वच्छ होतं.

टॅबलेट असेल तर तो पण वायफायवरून दुसरी स्क्रीन होतो, पण माउस मागे मागे येतो, एक्सेलला वैताग येईल.

लष्करवाला

अन्याभाऊ, टीव्ही मालिकांच्या वेळेला कोणाच्या ताब्यात असतो ते तुम्हाला माहीत नाही वाटतं.

आणि चौकोनी मॉनिटरला एवढं कमी लेखू नका. १९ इंची चौकोनीची उंची जवळजवळ पावणेबारा इंच येते, २२ इंची आडव्याची साडेदहाच्या आसपास. म्हणजे लहान दिसणारा मॉनिटर उंचीला सव्वा इंचाने मोठा आहे! बिलाची पीडीएफ, बँकेचं स्टेटमेंट, उभं पान असलेलं काहीही त्याच्यावर छान मावतं. सिनेमा बघायला बेकार, मान्य, पण मावशींना सिनेमा बघायचा नाहीये.

रामबागची_मावशी

आला आला आला! अॅडॉप्टर आणला, लावला, आणि चित्र आलं. लष्करवाले तुमचे फार उपकार आहेत, भियाचे पण, फोटो दाखवल्यावर दुकानदार खरंच एका शब्दाने बोलला नाही, सरळ काढून दिला.

पण आता तीन तक्रारी आहेत. एक, जुना मॉनिटर माझ्या डाव्या हाताला ठेवलाय आणि माउस उजवीकडून बाहेर जातो, डावीकडे नेला की भिंतीला आपटल्यासारखा थांबतो. दोन, जुन्यावर अक्षरं थोडी थरथरतात आणि कडा धूसर. तीन, आणि हे सगळ्यात त्रासाचं आहे, त्याच्यावर सारख्या फिकट लाटा आडव्या सरकत असतात, पांढरं पान असलं की जास्त. लॅपटॉपला लावला होता तेव्हा नव्हत्या. अॅडॉप्टर खराब दिला का?

जेलरोडचा_भिया

माउसचं मी सांगतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, वर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. आयडेंटिफाय दाबलं की प्रत्येक स्क्रीनवर तिचा नंबर येतो. आता जुन्या मॉनिटरचा चौकोन माउसने धरून दुसऱ्याच्या डावीकडे नेऊन सोडा आणि अप्लाय. चौकोन खाली वर पण सरकतात बरं का, टेबलावर जसे ठेवलेत तसेच तिथे बसवा, नाहीतर माउस एका कडेने जाईल आणि दुसऱ्या कोपऱ्यात अडकेल. मग मोठ्या मॉनिटरवर क्लिक करून मेक धिस माय मेन डिस्प्लेवर टिक करा म्हणजे स्टार्ट आणि नवीन उघडणारं सगळं शक्यतो तिथेच येईल.

आणि विंडोज शिफ्ट डावा उजवा बाण, एवढं बोटांना सवय लावून घ्या, उघडलेली खिडकी या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर उडी मारते, माउसने ओढत बसायला नको.

लष्करवाला

थरथर आणि धूसर: आधी सेटिंगमध्ये त्या मॉनिटरचं रिझोल्यूशन १२८० गुणिले १०२४ आहे का बघा. चौकोनी १९ इंचीला तेवढंच पाहिजे, कमी नाही जास्त नाही. मग नोटपॅड त्या स्क्रीनवर पूर्ण पसरवून त्यात काहीतरी टाइप करून पान अक्षरांनी भरा आणि मॉनिटरवरचं ऑटो बटण दाबा. व्हीजीएमध्ये प्रत्येक ठिपका कुठे सुरू होतो हे मॉनिटरला अंदाजाने जुळवावं लागतं, आणि समोर काळी रिकामी स्क्रीन असेल तर त्याला धरायला काही मिळत नाही, म्हणून भरलेलं पान. एवढं करून पण समाधान नसेल तर स्टार्टमध्ये क्लिअरटाइप शोधा, ते प्रत्येक मॉनिटरला वेगळं विचारतं, कुठलं अक्षर बरं दिसतं म्हणून.

लाटांचं मला जरा विचारावं लागेल. कॉम्प्युटरला वीज कुठून येते आणि जुन्या मॉनिटरला कुठून?

रामबागची_मावशी

कॉम्प्युटर आणि मोठा मॉनिटर यूपीएसवर. यूपीएसमागे जागा नव्हती आणि वायर पोचत नव्हती म्हणून जुन्याला खिडकीखालच्या बोर्डातून एक्स्टेंशन घेतलंय. दोन पिनवालं.

ऑटो दाबलं, थरथर गेली! जादूच आहे.

लष्करवाला

मग अॅडॉप्टरला दोष देऊ नका, लाटा त्या एक्स्टेंशनमुळे येत असणार. कॉम्प्युटर एका अर्थिंगवर आणि मॉनिटर दुसऱ्या बोर्डावर, त्यात दोन पिनमुळे त्याला अर्थिंगच नाही. दोन्हीकडे थोडा थोडा फरक राहतो आणि तो निघायला वाट शोधतो, वाट म्हणजे तुमची व्हीजीए वायर. व्हीजीएमध्ये चित्र म्हणजे कमी जास्त व्होल्टेजच, त्यामुळे एवढासा गोंधळ पण स्क्रीनवर लाट होऊन दिसतो. एचडीएमआय डिजिटल असल्यामुळे मोठ्या मॉनिटरवर काही कळत नाही. लॅपटॉप बहुतेक बॅटरीवर असेल तेव्हा, म्हणून तिथे लाटा नव्हत्या.

तीन पिनवालं चांगलं एक्स्टेंशन घ्या आणि दोन्ही मॉनिटर आणि कॉम्प्युटर एकाच जागेवरून चालवा, म्हणजे यूपीएसवरून. जुना मॉनिटर तीस चाळीस वॉट घेईल. यूपीएसवर व्हीए मोठ्या अक्षरात असतं ते सोडा आणि वॉट वाचा, ६०० व्हीएच्या बऱ्याच यूपीएसवर ३६० वॉट लिहिलेलं असतं. टॅली एक्सेलच्या कामाला तुमचा कॉम्प्युटर तेवढा खात नाही, चालेल. लाइट गेल्यावर बॅकअप मात्र आधीपेक्षा कमी मिळेल, पावसाळ्यात लाइट गेली की आधी सेव्ह करा आणि जुना मॉनिटर बटणाने बंद करा.

लावताना कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही बंद ठेवून लावा. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर कधी झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीचं अर्थिंग तपासून घ्या, ते मॉनिटरपेक्षा महत्त्वाचं.

बडोदेकर_अन्या

हे अर्थिंगचं माहीत नव्हतं, आमच्या ऑफिसातल्या एका जुन्या प्रोजेक्टरवर असंच व्हायचं आणि सगळे वायर बदलत बसायचे.

रामबागची_मावशी

लाटा गेल्या. यूपीएसवर सगळं घेतलं आणि एकदम स्वच्छ. झिणझिण्या कधीकधी येतात खऱ्या, हिवाळ्यात वाटतं तसं काही असेल म्हणून लक्ष दिलं नव्हतं, उद्या माणूस बोलावलाय.

आता डावीकडे स्टेटमेंट, समोर टॅली. अल्ट टॅब जवळजवळ बंदच झालंय. पिवळट दिसतो हे अन्याचं खरं आहे पण स्टेटमेंटला काय फरक पडतो. एकच विचारायचं राहिलं, दिवाळीत मुलगा नवीन मॉनिटर घेऊन देतो म्हणतोय, तर जुन्याच्या शेजारी कुठला शोभेल? २७ घेऊ का?

लष्करवाला

२७ इंचीत १९२० गुणिले १०८० वाला घेऊ नका, जवळ बसून आकडे वाचायचे तर अक्षर फुगलेलं दिसतं. २७ घ्यायचाच तर २५६० गुणिले १४४० वाला, तो महाग पडतो.

तुमच्या जोडीला १९२० गुणिले १०८० वाला २४ इंचीच बरोबर. त्याची उंची चौकोनी १९ इंचीएवढीच येते, दोघांच्या वरच्या खालच्या कडा जुळतात. आणि दोघांवर अक्षराचा आकार पण जवळपास सारखा दिसतो, एका इंचात जुन्यावर ८६ ठिपके आणि २४ वर ९२, त्यामुळे खिडकी इकडून तिकडे नेली तरी डोळ्याला धक्का बसत नाही. २२ वरून नेताना बसतो बघा, आत्ता करून बघा.

रामबागची_मावशी

हो, जुन्यावर मोठं दिसतं! मला वाटलं माझा चष्मा.

बडोदेकर_अन्या

म्हणजे शेवटी २४ इंचीच घ्यायचा ना, मी पहिल्यापासून काय सांगत होतो 😄 मावशी, मागे एचडीएमआय असलेला घ्या, कारण कार्डावरच्या डिस्प्लेपोर्टला जुन्याचा अॅडॉप्टर लावलाय, आणि स्टँड वर खाली होणारा मिळाला तर उत्तम, नसेल तर मागे चार स्क्रूची भोकं आहेत का बघा, १०० मिलिमीटरच्या चौकोनात, बऱ्याच मॉनिटरला ती ७५ ला पण असतात, त्याला नंतर टेबलाला बसवायचा आर्म, म्हणजे मॉनिटर धरणारा दांडा, लावता येतो.

जेलरोडचा_भिया

आणि २४ आल्यावर तो २२ वाला विकायचा असेल तर आधी मला सांगा मावशी, आमच्या दुकानातला मॉनिटर पार म्हातारा झालाय. रामबागेतून मीच येऊन घेऊन जाईन.